प्रोक्वॉल प्रश्नावली: वकिलांनी मे महिन्याच्या सुट्टीनंतर लगेच भरू नये

पोक्सो, कौटुंबिक हिंसाचार, मोटार अपघात दावे. अशीच मॅटर्स वर्षानुवर्षं चालवणारा वकील 'आता काही वाटत नाही' म्हणाला की बाररूममध्ये त्याला 'मुरलास!' अशी शाबासकी मिळते. तो खरंच मुरला की आतून आटला, हे बघायला प्रोक्वॉल (प्रोफेशनल क्वालिटी ऑफ लाइफ, म्हणजे कामाचा मनावर काय परिणाम होतो ते मोजणारी प्रश्नावली) बरं साधन आहे. बेथ स्टॅम यांची ही प्रश्नावली फुकट मिळते आणि दहा-पंधरा मिनिटांत भरून होते. पण वकिलाने ती जशीच्या तशी वापरली तर फसगत होते.

पाचव्या आवृत्तीत 30 प्रश्न आहेत. गेल्या 30 दिवसांत असं किती वेळा वाटलं, त्याला 1 ते 5 गुण. मदत करणाऱ्यासाठीचा शब्द कंसात दिलेला असतो, तिथे 'वकील' घालायची मुभा आहे; घालाच, नाहीतर उत्तरं परिचारिकेची वाटतात. हाती तीन आकडे येतात: कामातलं समाधान, बर्नआउट (कामाने आलेला थकवा) आणि दुय्यम आघात, म्हणजे पक्षकाराचं दुखणं आपल्या झोपेत शिरणं. प्रत्येकाचे दहा प्रश्न. 22 पर्यंत कमी, 23 ते 41 मध्यम, 42 पासून वर जास्त. तिन्हींची एकत्र बेरीज करू नका, तिला काही अर्थ नाही.

सर्वात जास्त चुका बर्नआउट मोजताना होतात. 1, 4, 15, 17 आणि 29 हे प्रश्न चांगल्या भावनेचे आहेत, म्हणून त्यांचे गुण उलटवायचे: 5 चा 1, 4 चा 2. हे विसरलं तर सुखी माणूसही कागदावर थकलेला निघतो.

उलटवूनही वकिलांचा हा आकडा फुगतोच. 21 वा प्रश्न न संपणाऱ्या कामाचा, 26 वा व्यवस्थेत अडकल्याच्या भावनेचा. ठाणे जिल्हा न्यायालयात किंवा बेलापूरला रोज बोर्ड (त्या दिवशीच्या मॅटर्सची यादी) बघणारा कोण इथे 5 देणार नाही? तो थकवा तारखांचा आहे, करुणेचा नव्हे. पक्षकारासोबतच्या कामातले महत्त्वाचे भाग आठवत नाहीत का, हा 28 वा प्रश्नही तसाच निसरडा. दिवसाला सात मॅटर्स असतील तर विसरणं साहजिक आहे. मात्र नेमकी त्या एकाच मुलीची उलटतपासणी आठवत नसेल, तर ते वेगळं. म्हणून वकिलाने नजर ठेवावी ती दुय्यम आघाताच्या आकड्यावर, आणि तीही स्वतःच्याच मागच्या आकड्याशी ताडून.

वेळ चुकली की सगळंच वाया. खिडकी 30 दिवसांची, त्यामुळे उन्हाळी सुट्टी संपताच भरली तर आकडा खोटा दिलासा देतो. जुलैअखेर एकदा आणि दिवाळीच्या सुट्टीआधी एकदा भरावी. पोस्टमॉर्टेमचे फोटो आणि पीडितेचे जबाब वाचायचं काम सहसा ज्युनियरवर पडतं, तेव्हा त्यांनी तर नक्कीच.

ही चाचणी निदान करत नाही. दुय्यम आघात 42 किंवा त्याहून वर गेला किंवा झोप उडाली, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास आणि विनाशुल्क आहे. मराठीत बोलता येतं. आधी समुपदेशक, गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञ. समोरासमोर बोलायचं तर ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात ओपीडी आहे. नाव ऐकून बिचकू नये. बोलताना पक्षकाराचं नाव, गाव, केस नंबर टाळा: पक्षकाराने वकिलाला सांगितलेलं गुप्त ठेवायला लावणारं भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 132 तिथेही लागू आहे. स्वतःला काय होतंय ते सांगायला एवढ्या तपशिलाची गरजही नसते.

भरलेला कागद केसच्या फाइलमध्ये राहू देऊ नका. आणि सीनियरने ज्युनियरचे आकडे मागू नयेत. मागितले की सगळ्या उत्तरांत 3 येतो.