पॉटी चेअर: 7 महिन्यांच्या वापरानंतर

लेक 2 वर्षं 2 महिन्यांची असताना ही खुर्ची घरात आली. आता ती पावणेतीन वर्षांची आहे. दिवसाचा डायपर सुटून 3 महिने झाले, रात्रीचा अजून आहे. त्याची आम्ही घाई करत नाही. झोपेत लघवी धरणं शिकवून येत नाही, शरीर तयार झालं की आपोआप जमतं.

आधी कमोडवर बसवायची रिंग घेतली होती. त्यावर तिचे पाय लोंबकळायचे आणि सगळं लक्ष कडा घट्ट धरण्यात जायचं. ही खुर्ची बुटकी आहे. तळवे जमिनीला टेकतात, गुडघे कमरेच्या जरा वर येतात, त्यामुळे मुलाला नीट जोर लावता येतो. खालच्या रबरामुळे ओल्या फरशीवरही सरकत नाही. नुसत्या या एका गोष्टीसाठीही मी ती पुन्हा घेईन.

शू पडली की वाजणारं गाणं मात्र नको होतं. पहिल्यांदा वाजलं तेव्हा ती दचकून उठली आणि उरलेली शू फरशीवर झाली. त्याच दिवशी बॅटऱ्या काढल्या. पुढचा उंचवटा तिच्या मांडीला घासायचा, सुदैवाने तो निघतो. आतलं भांडं आणि बैठक यांच्यामधल्या खाचेत लघवी साचते. रोज भांडं वेगळं काढून जुन्या टूथब्रशने घासलं नाही तर वास येतो.

पहिले 3 आठवडे आमचंच चुकलं. दर तासाला "चल, बस. झाली का? झाली का?" चाललेलं. मग ती सोफ्यामागे जाऊन उभी राहू लागली. टाचा उचललेल्या, पाय आवळलेले, चेहरा लाल. आम्हाला वाटलं कुंथतेय. खरं तर ती शी रोखून धरत होती. 4 दिवस शी झाली नाही, आणि झाली तेव्हा खडा. तिचं ते रडणं अजून कानात आहे. डॉक्टरांनी समजावलं की एकदा दुखलं की मूल धरून ठेवतं आणि धरल्याने शी आणखी कडक होते. आधी शी मऊ होऊ दे, पॉटीचं नंतर बघू.

दीड महिना खुर्ची कोपऱ्यात होती. तिचा विषयही कुणी काढला नाही. लेक बाहुलीला तिच्यावर बसवायची, "झाली?" विचारायची, आणि बाहुलीला "नाही झाली तरी चालेल" असंही सांगायची. आम्ही बदललोय हे तिला कळलं होतं.

दुसऱ्यांदा सुरुवात केली ती जेवणानंतर. पोटात अन्न गेलं की आतडी हलायला लागतात, म्हणून तीच वेळ बरी. बसणं फार तर 5 मिनिटं, आणि नको म्हणाली की लगेच उठायचं. कौतुक शू झाल्याचं कमी, सांगितल्याचं जास्त: "तुला कळलं आणि तू मला हाक मारलीस!" चड्डी ओली झाली तर "ओली झाली, चल बदलू" एवढंच.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. आपल्या भाषेत त्या गोष्टीचं नाव आणि किळस आल्यावर तोंडातून निघणारा शब्द एकच आहे. आजी प्रेमाने चड्डी धुवायच्या, पण नाकाला पदर लावून "शीऽ शीऽ" म्हणायच्या आणि लेक मान खाली घालायची. त्यांना हे दाखवलं तेव्हा त्यांनाच वाईट वाटलं. आता त्या "शाब्बास, पोट मोकळं झालं" म्हणतात.

मध्ये तापात आठवडाभर सगळं विसरली होती, बरी झाल्यावर तिचं तिनेच पुन्हा सुरू केलं.

आता बैठक मांड्यांना थोडी घट्ट होते, अजून तीन-चार महिने जाईल. त्यानंतर मोठा कमोड, पण पायाखाली स्टूल घेऊनच. सध्या भांडं रिकामं करताना ती एका बाजूने धरते आणि दोघी मिळून हळूहळू चालत जातो.