डबल बेसवरचा डीपीए 4099 माइक: ड्रमशेजारी वापरून पाहिला

वांद्र्याच्या ज्या माडीवर मी महिन्यातून एकदा जॅझ रेकॉर्ड करते, तिथे डबल बेस (माणसाएवढं, व्हायोलिनच्या घराण्यातलं खर्जाचं तंतुवाद्य) आणि ड्रममध्ये जेमतेम पाच फूट अंतर आहे. छत बसकं, एक बाजू सबंध काचेची. घरी येऊन नुसता बेसचा ट्रॅक लावला की बेसपेक्षा ड्रमची मोठी झांज, म्हणजे राइड सिंबलच पुढे. आमचे बेसवादक काका 78 साली धोबी तलावच्या खुल्या रंगभवनात पहिली जॅझ यात्रा, म्हणजे जॅझचा महोत्सव, ऐकून आलेले. ते म्हणतात, "तिथे आवाज आभाळात जायचा गं. इथे काचेवर आपटून परत आपल्याच अंगावर येतो."

दोन वर्षं मी जुनीच युक्ती केली: छोटा माइक फोममध्ये गुंडाळून तारा पेलणाऱ्या घोडीखाली खुपसायचा. लीकेज, म्हणजे माइकमध्ये शिरणारा शेजारच्या वाद्यांचा आवाज, घटतं, पण आवाज उशीखालून आल्यासारखा. लाकूड ऐकूच येत नाही.

शेवटी डीपीएचा 4099 घेतला. डेन्मार्कची कंपनी. बारीकसा माइक, हवी तशी वळणारी मान, आणि घोडी व टेलपीस (तारांची खालची टोकं जिथे अडकवतात तो तुकडा) यांच्यामधल्या तारांवर बसणारी क्लिप. वाद्याला स्क्रू नाही की चिकटपट्टी नाही. काकांची एकच अट होती, "गज अडायला नको." माइक घोडीच्या खालच्या अंगाला ठेवला आणि रोख घोडीचा पाय व एफ-होल (वाद्याच्या पोटावरचं f आकाराचं छिद्र) यांच्या मधे धरला. थेट एफ-होलवर धरला तर नुसती घूं घूं येते.

पहिला फायदा अंतराचा. स्टँडवर 60 सेंटीमीटरवर असलेला माइक 15 सेंटीमीटरवर आला की हिशेबाने बेस 12 डीबी (डेसिबल) वर चढतो; ड्रम होते तिथेच राहतात. दुसरा फायदा दिशेचा, आणि इथे मी आधी चुकले. ड्रम माइकच्या बरोबर पाठीमागे येतील अशी बैठक लावली होती. पण हा सुपरकार्डिऑइड आहे, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारा, तरी पाठीमागून थोडं ऐकतोच. त्याचा बहिरा कोपरा मागे तिरका, समोरच्या रोखापासून साधारण 125 अंशांवर असतो. पुढच्या वेळी काकांचं स्टूल हातभर सरकवलं, बेस थोडा फिरवला, मॉनिटरही (वादकांना ऐकू यावं म्हणून ठेवलेला स्पीकर) त्याच कोपऱ्यात नेला. त्या रात्रीच्या ट्रॅकवर राइड होती, पण शेजारच्या खोलीत असावी तशी. बोट तारेवरून सुटतानाचा आवाज मला या जागेत पहिल्यांदाच मिळाला. इतका आनंद झाला की काकांना रात्री साडेबाराला फोन केला.

किकचं, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचं, मात्र तसं नाही. खालच्या सुरांमध्ये माइकची दिशा एवढी कामाला येत नाही, शिवाय किकच्या धक्क्याने बेसचं पोटच थरथरतं. ते थरथरणं कुठल्याही माइकला बेससारखंच वाटणार. म्हणून घोडीवरचा पिकअप (हवेतून नव्हे, घोडीच्या कंपनातून आवाज उचलणारा) वेगळ्या चॅनेलवर घेते. साधारण 150 हर्ट्झच्या खालचं सगळं पिकअपमधून, वरचं माइकमधून. माइकच्या चॅनेलवर पोलॅरिटीचं (सिग्नल उलटा करणारं) बटण दाबून पाहा, ज्या बाजूला आवाज भरदार होतो ती ठेवा. गेट (आवाज ठरावीक पातळीखाली गेला की चॅनेल बंद करणारं यंत्र) लावू नका. उतरत जाणारा सूर मधेच कापला जातो आणि ते फार वाईट ऐकू येतं.

ड्रम नसलेल्या त्रिकुटासाठी हा एकटा पुरतो. ड्रम आणि बेस खेटून असतील तर पिकअपशिवाय घेऊ नका, कारण किंमत जास्त आहे आणि निम्मं काम उरतंच. याला 48 व्होल्टचा फँटम (माइकच्या तारेतूनच मिळणारा वीजपुरवठा) लागतो, तेव्हा जागेवरचा मिक्सर तो देतो का हे आधीच विचारून ठेवा. आणि मागवताना क्लिप डबल बेसचीच सांगा. व्हायोलिनची क्लिप वाद्याच्या कडेला धरते, ती बेसला बसणार नाही.