पुण्यात डेक्कनच्या स्टडी अब्रॉड कन्सल्टन्सीचा अनुभव, अँथ्रोपॉलॉजी पीएचडीवाल्यांसाठी

रेटिंग द्यायचं तर ऑफिसला पाचपैकी दोन आणि तिथे बसणाऱ्या एडिटर ताईंना पाचपैकी पाच. नाव लिहीत नाहीये, कारण पैसे भरायच्या आधी तीन-चार ठिकाणी चौकशी केली होती आणि सगळीकडे साधारण हीच पद्धत दिसली, मग एकालाच धरून बोलण्यात अर्थ नाही. एमएस, एमबीएवाल्यांना ही मंडळी नीट सांभाळतात, त्यांचे रिव्ह्यू ढिगाने आहेत. मी लिहितेय ते इथे मानवशास्त्रात, म्हणजे अँथ्रोपॉलॉजीत, एमए करून बाहेर पीएचडीला जायचा विचार करणाऱ्यांसाठी, कारण आपल्याला विचारायला कोणी सापडत नाही आणि घरचे म्हणतात एकदा कन्सल्टन्सीत जाऊन तर ये.

पहिल्या दिवशी टॅबवर एक फॉर्म भरायला देतात, त्यात विषयांची यादी असते. अँथ्रोपॉलॉजी नव्हतंच, शेवटी 'आर्ट्स – अदर्स' वर टिक करायला सांगितलं. काउन्सेलर सरांनी विचारलं, युपीएससीला ऑप्शनल होता का? पुण्यात सदाशिव पेठेतल्या क्लासेसमुळे बहुतेकांना हा विषय तेवढाच माहीत आहे, त्यात त्यांचा दोष नाही. पण मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे १९३९ पासून ज्या गावात डेक्कन कॉलेजात काम करत होत्या त्याच गावात हा विषय 'अदर्स' मध्ये जावा याचं खरंच वाईट वाटलं.

आता मुख्य मुद्दा, नीट वाचा. सरांनी तासभर मला युकेचं एक वर्षाचं मास्टर्स कसं बेस्ट आहे ते समजावलं. माझं एमए झालंय, मला पीएचडी करायचीय असं सांगितल्यावरही ब्रोशर्स आयर्लंड आणि ऑस्ट्रेलियाचीच निघत होती. कारण साधं आहे, युके-ऑस्ट्रेलियातल्या बऱ्याच युनिव्हर्सिट्या फी भरणारा विद्यार्थी मिळवून दिला की एजंटला कमिशन देतात, आणि अमेरिकेतल्या फंडेड पीएचडीवर कोणाला काही सुटत नाही. तिथल्या चांगल्या डिपार्टमेंट्समध्ये ट्यूशन माफ असते, वर पाचेक वर्षं स्टायपेंड मिळतो, त्या बदल्यात टीचिंग असिस्टंट म्हणून शिकवायचं. मास्टर्स नसलं तरी बऱ्याच ठिकाणी बीएवरून थेट अप्लाय करता येतं. युकेत पीएचडी साधारण तीन-चार वर्षांची, पण अर्जासोबत पूर्ण रिसर्च प्रपोजल लागतं, आधी गाईड शोधून त्यांना ईमेल करावा लागतो आणि पैशांची सोय बहुतेक वेळा वेगळी बघावी लागते. ज्याच्या घरी पंचवीस-तीस लाखांचं लोन काढायची ऐपत नाही त्याला हा फरक पहिल्या पाच मिनिटांत सांगायला पाहिजे, आणि तो मला या ऑफिसात कोणीही सांगितला नाही.

युनिव्हर्सिट्यांची शॉर्टलिस्ट तर रँकिंग बघून काढलेली. माझा विषय आहे मेंढपाळ धनगर आणि पुण्याच्या आजूबाजूची संपत चाललेली शेती, आणि यादीत ड्यूक युनिव्हर्सिटीसमोर लिहिलेलं इव्होल्युशनरी अँथ्रोपॉलॉजी! तिथे कल्चरल आणि इव्होल्युशनरी असे दोन वेगळे विभाग आहेत, दुसऱ्यात माणसाची उत्क्रांती, प्रायमेट्स असा अभ्यास चालतो. आपल्याकडे एमएला कवट्या मोजण्यापासून नातेसंबंधांपर्यंत सगळं एकाच डिपार्टमेंटमध्ये शिकवतात, तिकडे काही ठिकाणी चारही शाखा (सांस्कृतिक, शारीरिक, पुरातत्त्व आणि भाषा) एकत्र आणि काही ठिकाणी पार वेगळ्या, हे बघितल्याशिवाय यादी करूच नये. एका अर्जाची फी साधारण ७५ ते १२५ डॉलर असते, म्हणजे दहा ठिकाणी भरलं की लाखाच्या घरात जातं, चुकीच्या विभागात अर्ज गेला तर तेवढे पैसे पाण्यात. डेडलाईन्सही बघा, अँथ्रोपॉलॉजीच्या बऱ्याच पीएचडी १ ते १५ डिसेंबरच्या दरम्यान बंद होतात आणि मला सांगितलं होतं जानेवारीपर्यंत निवांत वेळ आहे. जीआरई ही प्रवेश परीक्षा बहुतेक डिपार्टमेंट्सनी काढून टाकलीय तरी पॅकेजमध्ये जीआरईचा क्लास जोडायचा आग्रह होताच, तो नको म्हणून ठामपणे सांगा.

एसओपीचा, म्हणजे आपण काय आणि का शिकणार हे सांगणाऱ्या अर्जातल्या निबंधाचा, पहिला ड्राफ्ट त्यांच्या रायटरने करून दिला. सुरुवात, 'लहानपणापासून मला विविध संस्कृतींचं आकर्षण होतं'. त्याच्या खाली माझे मार्क, मग त्या युनिव्हर्सिटीचं कौतुक, फक्त नाव बदललं की कुठेही खपेल असा मजकूर. मी तो वाचून सरळ सांगितलं की हे पाठवणार नाही, तेव्हा रिसेप्शनवरच्या मुलीने हळूच सुचवलं, वर एक ताई बसतात, सोशल सायन्सच्या फाईल्स बघतात, वेगळे पैसे पडतील पण एकदा भेट.

त्या ताईंनी स्वतः पीएचडी केलेली आहे हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं. ड्राफ्ट बाजूला ठेवला आणि विचारलं, तू फिल्डवर काय बघितलंस ते सांग. मी सांगितलं, वाघोलीच्या पलीकडे धनगरांचा एक वाडा, म्हणजे मेंढरांसोबत फिरणाऱ्या कुटुंबांचा तळ, उतरला होता, पूर्वी शेतकरी खतासाठी रात्री मेंढरं शेतात बसवून घ्यायचे आणि धान्य किंवा पैसे द्यायचे, आता त्यातल्या निम्म्या जमिनीला प्लॉटिंगचं कंपाऊंड आहे, आणि तिथल्या एका मावशी मला म्हणाल्या की आता मालक कोण तेच कळत नाही, वॉचमनला विचारून बसावं लागतं. ताई म्हणाल्या थांब, इथेच थांब. मेंढरं बसवायचे पैसे आता कोण कोणाला देतं? शेतकऱ्याकडून धान्य यायचं, आता वॉचमनला धनगरच पैसे देतात का? जमीन विकली गेली तेव्हा हा व्यवहार कोणाशी ठरवायचा हे कोणी ठरवलं? मला त्यातल्या अर्ध्या प्रश्नांची उत्तरं येत नव्हती, तर त्या म्हणाल्या जे माहीत नाही तोच तुझा पीएचडीचा प्रश्न आहे, पहिल्या परिच्छेदात तेच लिही. तिथून पुढे एसओपी मी स्वतः लिहिला, त्यांनी एक वाक्यही लिहून दिलं नाही, फक्त समासात प्रश्न काढत राहिल्या. सांगते, पैसे याच कामासाठी द्यावेत.

अर्जासोबत आपल्या लेखनाचा नमुना द्यायचा असतो, त्या रायटिंग सॅम्पलचंही तसंच. बऱ्याच ठिकाणी वीस-पंचवीस पानांची मर्यादा असते, मी डिझर्टेशनमधला लिटरेचर रिव्ह्यू पाठवणार होते कारण त्यातलं इंग्रजी बरं होतं. ताईंनी फिल्डवर्कचा चॅप्टर घ्यायला लावला, म्हणाल्या प्रवेश ठरवणाऱ्या कमिटीला बघायचंय की तू बघितलेल्या गोष्टीवरून विचार कसा करतेस, दुसऱ्यांचं वाचलेलं सगळेच लिहितात.

शिफारसपत्रांबाबत खालच्या ऑफिसचा सल्ला अजिबात ऐकू नका. ते म्हणतात तिन्ही पत्रं आम्ही टाईप करून देतो, तुमच्या प्राध्यापकांची फक्त सही आणा. तिन्ही पत्रांत तेच शब्द आले की वाचणाऱ्याला लगेच कळतं. शिवाय पोर्टलवरून लिंक थेट प्राध्यापकांच्या ईमेलवर जाते आणि बऱ्याच ठिकाणी युनिव्हर्सिटीचा ऑफिशियल आयडीच मागतात, आपल्या कित्येक सरांचा तो महिनोन्महिने उघडलेला नसतो, तर सप्टेंबरमध्येच जाऊन तो चालू आहे ना ते बघून घ्या आणि सोबत तुमचा एसओपी, फिल्डच्या नोट्स त्यांना देऊन ठेवा.

स्कॉलरशिपचं नाव काढलं की ऑफिसात एज्युकेशन लोनवाल्याला बोलावतात. माझी मैत्रीण एससी कॅटेगरीतली, तिला राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे हे कोणी सांगितलं नाही, आणि समाजकल्याण आयुक्तालय तर पुण्यातच आहे. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपची २०२२ ची नियमावली मुद्दाम वाचा, त्यात भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास हे विषय वगळले होते, म्हणजे आपल्यासारख्यांचे बहुतेक विषय गेलेच, याचा मला अजूनही राग येतो. चालू वर्षाचे नियम अर्ज करायच्या आधी बघा. मानवशास्त्राला निधी देणाऱ्या वेन्नर-ग्रेन फाउंडेशनची वॉड्सवर्थ फेलोशिप खास आपल्याच विषयासाठी आहे, तिचेही चालू नियम बघून ठेवा.

आता चांगलं तेही सांगते. ऑफर आल्यावरचं कागदपत्रांचं काम या लोकांनी खरंच चोख केलं. आय-२० (व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते तो फॉर्म), विद्यार्थी व्हिसासाठीची ३५० डॉलरची सेव्हिस फी, मुंबईच्या व्हिसा अपॉइंटमेंट्स, बँकेची कागदं कशी लावायची, एकदाही धावपळ झाली नाही आणि फोन केला की कोणीतरी उचलायचं. १५ एप्रिलच्या आत युनिव्हर्सिटीच्या ऑफरला होकार-नकार कळवायचा असतो त्याचीही आठवण त्यांनीच केली. ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कोणी परदेशी चाललंय त्यांनी एवढ्यापुरतं पॅकेज घ्यायला हरकत नाही, पण 'फुल पॅकेज' चे ४५ हजार देऊ नका, व्हिसाचं वेगळं घेता येतं, विचारलं तरच सांगतात.

आणि एक, अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचा मराठीचा कोर्स पुण्यात चालतो, तिकडचे पीएचडीचे विद्यार्थी मराठी शिकायला येतात. त्यातलं कोणी भेटलं तर चहाला घेऊन जा आणि त्यांच्या डिपार्टमेंटचं विचारा, गाईड विद्यार्थ्यांना वेळ देतात का, उन्हाळ्यात स्टायपेंड मिळतो का, हे वेबसाईटवर धड कळत नाही.

तुम्ही कुठल्याही कन्सल्टन्सीत जा, पैसे भरायच्या आधी सांगा की एसओपी बघणाऱ्या माणसाशी अर्धा तास बोलायचंय. त्याने तुमच्या फिल्डबद्दल एकही प्रश्न न विचारता मार्कशीट मागितली तर उठून या. ताईंसारखं कोणी भेटलं तर ऑगस्टमध्येच वेळ ठरवा, दिवाळीनंतर त्यांच्याकडे जागा नसते.