पहिली सर्रिअल शॉर्टफिल्म: बुन्युएल, डेरेन की लिंच, कुणाच्या वाटेने जायचं?

फिल्म स्कूलमधल्या डिप्लोमा फिल्मचे दिवस जवळ आले की ओळखीतल्या पोरापोरींचे मेसेज यायला लागतात, ताई सर्रिअल, म्हणजे स्वप्नासारखं, तर्काला न जुमानणारं काहीतरी करायचंय, काय काय बघू, कुणाला फॉलो करू. मी एडिटिंग करते, शिकवत नाही, पण या विषयावर मी तासभर मनापासून बोलू शकते कारण मी स्वतः यातून गेलेय. सोबत पाठवलेली स्क्रिप्ट उघडली की मुखवटा घातलेला माणूस, माळावर एकटी खुर्ची आणि उलटं फिरणारं घड्याळ हे हमखास असतं. माझ्या पहिल्या फिल्ममध्ये आरसे होते, पाच आरसे, दिसायला सुंदर, आणि एडिटला बसल्यावर कळलं की कुठलाही शॉट कुठेही लावला तरी काही फरक पडत नाहीये. आधीचा शॉट पुढच्याला काही मागतच नव्हता. तेव्हापासून मी प्रत्येकाला हेच सांगते की या मोठ्या लोकांची चित्रं उचलू नका, त्यांनी स्वतःला कुठला नियम घालून घेतला होता तो शोधा, आणि मग आपल्याकडे दिवस किती, माणसं किती, पैसे किती ते बघून त्यातला झेपेल तो धरा. बहुतेकांची गाडी तीन नावांवर येऊन अडते म्हणून त्या तिघांबद्दलच लिहिते.

दिग्दर्शक लुई बुन्युएल आणि चित्रकार साल्वादोर दाली यांची 'अँ शियाँ आंदालू' १९२९ची, पॅरिसची. बुन्युएलला स्वप्न पडलं होतं की एक पातळ ढग चंद्राला असा कापत जातो जसा वस्तरा डोळ्याला, दालीला पडलं होतं हातावर मुंग्यांचं, आणि दोघांनी समोरासमोर बसून आठवड्याभरात स्क्रिप्ट लिहून काढली. नियम असा की तर्काने ज्याचा अर्थ लावता येईल असं एकही चित्र ठेवायचं नाही, आणि एकाने सुचवलेलं दुसऱ्याला आतून भिडलं नाही तर तिथल्या तिथे बाद. आपल्याकडे सगळ्यांना पहिला अर्धा नियम पाठ असतो. पण फिल्म उभी आहे ती दुसऱ्या अर्ध्यावर, कारण समोर कुणीतरी 'नको' म्हणणारं बसलेलं होतं.

तो डोळ्याचा सीन एकदा एडिटरच्या नजरेने बघा. माणूस (हा स्वतः बुन्युएल) वस्तऱ्याला धार लावतो, अंगठ्याच्या नखावर धार तपासतो, बाल्कनीत येऊन वर बघतो, वर पूर्ण चंद्र आणि त्याच्याकडे सरकणारा ढग. मग बाईचा चेहरा, बोटांनी ताणून उघडा धरलेला डोळा, वस्तरा जवळ येतो, आणि कट चंद्रावर. ढग चंद्रावरून आडवा निघून जातो आणि आपल्याला वाटतं सुटलो, एवढ्यावरच भागवलं, दाखवणार नाहीत. आणि पुढच्याच शॉटमध्ये दाखवतात. डोळा मेलेल्या वासराचा होता हे आता सगळ्यांना माहीत आहे, तरी अजून अंगावर काटा येतो, आणि माझ्या मते तो काटा त्या ढगाच्या शॉटने आणलाय. तो शॉट काढून बघा, नुसती किळस उरते. मुलं नेमकी किळस उचलतात आणि ढग विसरतात, शिवाय १९२९च्या थिएटरमधला माणूस जे पाहून हादरला त्याहून भयंकर गोष्टी आज प्रत्येकाच्या फोनमध्ये रोज येऊन जातात, त्यामुळे धक्का ही गोष्ट उधार घेता येत नाही. आणि बुन्युएल त्याआधी जाँ एपस्टाइनसारख्या दिग्दर्शकाकडे असिस्टंट होता, कॅमेरा काय करतो हे त्याला आधीच माहीत होतं. पैसे त्याने आईकडून घेतले होते, ते मात्र बऱ्याच जणांना जमण्यासारखं आहे.

दुसरं नाव माया डेरेन. 'मेशेस ऑफ द आफ्टरनून', १९४३, साधारण चौदा मिनिटं, नवरा अलेक्झांडर हामिद आणि ती, दोघांनी मिळून लॉस एंजेलिसमधल्या स्वतःच्या राहत्या घरात केलेली, १६ एमएमच्या छोट्या फिल्मवर. खर्च पावणेतीनशे डॉलरच्या आसपास सांगतात, आणि हॉलीवूड जेवढे लिपस्टिकवर उडवतं तेवढ्यात मी फिल्म करते असं ती म्हणायची. वस्तू किती आहेत तर किल्ली, पावाचा सुरा, फूल, फोन, एक ग्रामोफोन आणि तोंडाच्या जागी आरसा असलेली काळ्या कपड्यातली आकृती. बास. ती आकृती सोडली तर सगळ्या वस्तू पहिल्या काही मिनिटांत अगदी साध्या घरगुती कारणाने दिसून जातात, किल्ली हातातून निसटून पायऱ्यांवरून खाली जाते, सुरा पावात रुतलेला असतो, आणि मग तीच दुपार पुन्हा घडते, पुन्हा घडते, दर वेळी वस्तू जागा बदलतात, किल्ली तोंडातून निघते, किल्लीच्या जागी सुरा येतो. म्हणजे हिचा नियम अगदी सरळ आहे, नवीन काही आणायचं नाही, आहे तेच परत आणायचं आणि दर वेळी थोडं सरकवायचं. तिला सर्रिअलिस्ट म्हटलेलं आवडायचं नाही आणि मला त्याचं कारण फिल्ममध्येच दिसतं, तिथे एकही गोष्ट ओघात आली म्हणून ठेवलेली नाही, सगळं मोजूनमापून आहे.

विद्यार्थ्यासाठी मला हीच वाट सगळ्यात पटते आणि त्याचं कारण फक्त पैसे नाहीत, इथे एडिट शिकायला मिळतं. सुरा हातात घेतलेली माया टेबलावरून उठते आणि खुर्चीत झोपलेल्या स्वतःकडे चालत जाते, खोलीतल्या खोलीत चार पावलं, पण एक पाऊल वाळूत पडतं, दुसरं गवतात, तिसरं फुटपाथवर आणि चौथं घरातल्या गालिच्यावर. आम्ही दोघी मैत्रिणींनी हे मोबाइलवर करून बघितलं होतं, नदीपात्रातली माती, तळजाई टेकडीचं गवत, रस्त्याकडेचे पेव्हर ब्लॉक आणि मैत्रिणीच्या घरची शहाबादी फरशी. पहिल्यांदा सपशेल फसलं. पाऊल टेकलं की कट असं आम्ही केलं होतं आणि चार वेगवेगळे पाय चार ठिकाणी उभे आहेत असंच दिसत होतं. मग तिच्या लक्षात आलं की पाय टेकला की डोळाही थांबतो, म्हणून टाच हवेत असतानाच कट मारायचा, म्हणजे उचललेलं पाऊल मातीत आणि पडलेलं गवतात. परत शूट केलं, या वेळी फोनचं एक्सपोजर लॉक करून, म्हणजे शॉट चालू असताना उजेड आपोआप कमीजास्त होत नाही, फोन जमिनीपासून एक वीत उंचीवर विटेला टेकवून, चारही ठिकाणी सावलीत, तीच कोल्हापुरी चप्पल आणि चालण्याची दिशा डावीकडून उजवीकडेच. टाइमलाइनवर लावलं आणि ती खरंच चालत गेली! मातीतून घरात. मी आजवर खूप काही कापलंय पण तो क्षण अजून तसाच लक्षात आहे.

एक गोष्ट मात्र डेरेनच्या नादात विसरू नका, हामिद आधीपासून मुरलेला कॅमेरामन होता, प्रागमध्ये काम करून आलेला. तुमच्याकडे तसा एक माणूस नसेल तर शॉट साधे ठेवा. तेव्हाचा चावीचा बोलेक्स कॅमेरा एकदा चावी भरली की अर्ध्या मिनिटाच्या आत थांबायचा, त्यामुळे शॉट आपोआप छोटे आणि ठरवून घेतलेले असायचे, आपण फोनवर पाच पाच मिनिटं रेकॉर्ड करत बसतो आणि मग एडिटला रडतो. वीस सेकंदांचा नियम घालून घ्या, बघा काय फरक पडतो.

तिसरा डेव्हिड लिंच, आणि खरं सांगायचं तर निम्म्याहून जास्त मेसेज त्याच्यासाठीच असतात. 'इरेझरहेड' १९७७ची आणि तीही मुळात विद्यार्थ्याचीच फिल्म, अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकत असताना १९७२ला सुरू केलेली, दहा हजार डॉलरची ग्रँट आणि वीस-बावीस पानांची स्क्रिप्ट घेऊन. पुढे पाच वर्षं गेली. इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या जुन्या तबेल्यात सेट लावला, लिंच काही काळ तिथेच राहायचा, पेपर टाकायचं काम करायचा, मित्रमंडळी पैसे लावायची, हेन्रीचं मुख्य काम करणाऱ्या जॅक नान्सने इतकी वर्षं ते उभे केस तसेच सांभाळले. हेन्री दाराची मूठ फिरवतो आणि दारातून आत येतो, या दोन शॉटच्या मध्ये दीड वर्ष गेलंय असं लिंचनेच सांगितलंय. पडद्यावर ते दीड वर्ष कुठेही दिसत नाही, ही चिकाटी बघून मला भरून येतं. पण तुमची सबमिशनची तारीख मार्चमध्ये असेल तर ही वाट तुमची नाही, एवढं स्पष्ट सांगते. त्या फिल्ममध्ये तुम्हाला जे आवडतं ते एखादं चित्र नसतं, एक अख्खं जग असतं, भिंती, दिवे, वाफ, आवाज, आणि जग उभारायला वेळ लागतोच. लिंचचंच वेड असेल तर आधी त्याची १९७०ची 'द ग्रँडमदर' बघा, चौतीस मिनिटांची, फिलाडेल्फियातल्या स्वतःच्या घरात खोल्या काळ्या रंगवून केलेली. ती आवाक्यातली आहे.

लिंचकडून आवाज मात्र नक्की घ्या, कुठलीही वाट धरलीत तरी. तो आणि त्याचा साउंडवाला अॅलन स्प्लेट आवाजावर किती खपले त्याला हिशोब नाही. 'इरेझरहेड'मध्ये बिछाना विरघळून पाण्याचं डबकं होतं त्या सीनसाठी प्लास्टिकच्या बाटलीत माइक घालून ती टबात तरंगत ठेवली आणि बाटलीतून हवा फुंकल्याचा आवाज घेतला, असं काम. आपल्या घरात काय कमी आवाज आहेत, पाण्याची मोटर, जुना फ्रिज, स्टँडवर उभ्या एसटीचं धडधडणारं इंजिन. फोनवर दोन मिनिटं घ्या आणि सूर तसाच ठेवायचा पर्याय बंद करून स्पीड निम्मा करा, सूर एक सप्तक खाली जातो आणि त्याच मोटरचं भलतंच जनावर होतं. याच्यापुढे बुन्युएलकडे आवाज म्हणजे पडद्यामागे बसून त्याने स्वतः लावलेल्या रेकॉर्डी, एकीकडे टँगो आणि एकीकडे वाग्नरच्या ऑपेराचं संगीत, आणि डेरेनची फिल्म तर मूळची मूकच, तैजी इतोचं संगीत १९५९ला जोडलं. म्हणजे आवाजात लिंच एकटा पुढे आहे, तिथे तुलनाच नको.

माणसांचं गणित बघितलं तर बुन्युएलची वाट दोघांची आहे, पण ते दोघे एकमेकांना बिनधास्त नाही म्हणू शकणारे हवेत, नुसता जिगरी दोस्त असून भागत नाही. डेरेनच्या वाटेला दोघं पुरतात आणि त्यातला एक कॅमेऱ्यासमोरही असतो. लिंचला एक छोटं कुटुंबच लागतं, वर्षानुवर्षं टिकणारं. व्हायव्हाचं, म्हणजे तोंडी परीक्षेचंही बोलू, कारण ते टाळता येत नाही. परीक्षक विचारणारच की हे असं का. बुन्युएलच्या वाटेने गेलात तर प्रामाणिक उत्तर 'माहीत नाही' असंच आहे आणि ते तीन परीक्षकांसमोर बोलायला हिंमत लागते, मी एका मित्राला तिथे पार कोसळताना बघितलंय आणि त्याची फिल्म माझ्या फिल्मपेक्षा कितीतरी चांगली होती. डेरेनच्या वाटेने गेलेल्याला निदान किल्ली इथे का आणि तिथे का हे दाखवता येतं.

आणि हे सगळं परदेशातलंच कशाला, असं कुणी विचारलं तर बरोबर विचारलं. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये, म्हणजे चक्क सरकारी खात्यात, प्रमोद पतींनी १९६८ला 'एक्स्प्लोरर' आणि १९७२ला 'आबिद' केली. 'आबिद'मध्ये चित्रकार आबिद सुरती एका खोलीत आहेत आणि जिवंत माणसालाच बाहुलीसारखं फ्रेम फ्रेम हलवलंय, पिक्सिलेशन म्हणतात त्याला, आणि प्रमोद पती प्रागमध्ये यिरी त्रन्कांकडे बाहुल्यांचं अॅनिमेशन शिकून आलेले. एक खोली, एक माणूस, रंग. हे तुम्ही सुट्टीच्या चार दिवसांत होस्टेलच्या खोलीत करू शकता, आणि खरं तर वरच्या तिघांपेक्षाही स्वस्तात. पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकलेल्या कमल स्वरूप यांची 'ओम दर-ब-दर' १९८८ची, अजमेर-पुष्करच्या बोलीत आणि जाहिरातींत आणि पुराणात लोळणारी, थिएटरला लागायला २०१४ उजाडलं. ती नक्कल करायला सगळ्यात अवघड कारण तिचं स्वप्न भाषेत पडलेलं आहे. पण त्यातून एक विचार माझ्या डोक्यात घट्ट बसलाय, आपल्या मराठीत मुक्ताबाईची मुंगी आकाशात उडते आणि सूर्य गिळते, हे ऐकत ऐकत आपण मोठे झालो आणि तरी फिल्म करताना आपल्याला पॅरिसचंच घड्याळ आठवतं, असं का व्हावं? कुणीतरी आजीच्या तोंडच्या कूट अभंगाचा नियम शोधून त्यावर फिल्म करावी असं मला फार वाटतं, भले डेरेनसारखी चौदा मिनिटांची का असेना.

तर आत्ता ठरवायचंच असेल तर माझं असं आहे. हातात दोन महिने, एक मैत्रीण आणि फोन असेल तर डेरेन, डोळे झाकून. तुमच्याशी भांडणारा आणि तुमच्याइतकाच पेटलेला जोडीदार असेल आणि अर्थ विचारल्यावर गडबडत नसाल तर बुन्युएल. लिंच डिप्लोमानंतर, स्वतःच्या पैशाने आणि स्वतःच्या वेळेने. एकट्यानेच काम करायची सवय असेल आणि हाताला चित्रकला असेल तर प्रमोद पती.

डेरेन ठरली तर आज रात्री 'मेशेस' आवाज बंद करूनच बघा, मूळ होती तशी. शेजारी वही ठेवा, किल्ली दिसली की एक रेघ, सुरा दिसला की एक रेघ, आणि प्रत्येक रेघेपुढे ती वस्तू कुठे होती ते लिहा, जिन्यावर, टेबलावर, तोंडात, तळहातावर. दुसऱ्यांदा बघाल तेव्हा स्वतःच्या घरातल्या तीन वस्तू वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा, आणि चौथी लिहू नका.