गळती बुडाशी, कारण झाकणाशी : कॉईल स्वतः बसवायच्या वेप टाकीचा आठ महिन्यांचा अनुभव

ब्रिटनमध्ये १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकून द्यायच्या वेपच्या (ई-सिगारेटच्या) विक्रीवर बंदी आली आणि त्याच महिन्यात मी कॉईल (द्रव तापवणारे तारेचे वेटोळे) व तिला द्रव पोचवणारा कापूस स्वतः बसवायची काचेची टाकी विकत घेतली. सिगारेट सुटून मला तेव्हा दीड वर्ष झाले होते. निकोटिन मात्र सुटले नव्हते आणि आजही सुटलेले नाही, हे आधीच सांगितलेले बरे. टाकी २२ मि.मी. व्यासाची, एका कॉईलची, बुडातून हवा घेणारी आणि येथील नियमाप्रमाणे २ मि.ली. निकोटिनयुक्त द्रव मावणारी आहे. तिचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे जो गळतीचा वृत्तान्त येतो त्यातला बराच दोष माझ्या हातांचा होता आणि उरलेला या घडणीच्या बहुतेक टाक्यांना लागू पडतो. माझा वापर लेस्टरमधला आहे. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री आणि जाहिरात यांवर बंदी आहे, त्यामुळे तेथील वाचकांनी हा खरेदीचा सल्ला समजू नये.

पहिल्या महिन्यात ही टाकी इतकी गळली की मी ती परत करण्याच्या बेतात होतो. रात्री भरून ठेवावी, तर सकाळी हवेच्या छिद्रांतून द्रव बाहेर येऊन टाकीखालच्या बॅटरीच्या यंत्राच्या माथ्यावर त्याचे तळे साचलेले असे. गळती बुडाशी दिसत होती म्हणून मी बुडाशीच उपाय करत राहिलो. खालच्या ओ-रिंगा (रबरी कड्या) तीनदा बदलल्या, बूड इतके घट्ट आवळले की पुढच्या वेळी ते उघडण्यासाठी रबरी हातमोजा घालावा लागला, आणि प्लंबर वापरतात ती पांढरी टेप आट्यांवर गुंडाळण्याचा विचारही मनात येऊन गेला. (तो अमलात आणला नाही. ज्या वस्तूतून तापलेली वाफ छातीत जाते, तिच्यात परकी वस्तू घालू नये एवढे शहाणपण शिल्लक होते.) यातल्या कशाचाही उपयोग झाला नाही, आणि का झाला नाही हे समजायला ही टाकी मुळात द्रव कशाच्या बळावर धरून ठेवते ते समजून घ्यावे लागले.

टाकीच्या बुडाला द्रव आत घेणारी दोन भोके असतात आणि ती कायम उघडीच असतात. त्यांच्यावर फक्त कापसाची दोन टोके टेकलेली असतात. द्रवाला अडवून धरते ती टाकीच्या वरच्या भागात राहिलेली, बाहेरच्यापेक्षा किंचित विरळ हवा. कॉईल तापून कापसातला द्रव वाफ होऊन गेला की कापूस टाकीतून नवा द्रव ओढतो, वरची हवा आणखी विरळ होते आणि ती उणीव भरून काढण्यासाठी कापसाच्या कडेने हवेचा एखादा बुडबुडा आत शिरतो. कोंबड्यांना पाणी पाजण्याचे उपडे भांडे याच तत्त्वावर चालते. त्या भांड्याच्या वरच्या अंगाला सुईएवढे छिद्र पाडले तर सगळे पाणी खालच्या ताटलीतून वाहून जाईल, आणि ताटली कितीही चांगली असली तरी तिचा इलाज चालणार नाही. माझ्या टाकीचे नेमके हेच झाले होते. हवा वरून शिरत होती आणि द्रव खालून जात होता.

हे पक्के करण्यासाठी मी एक साधी चाचणी केली. टाकी भरून, बाहेरून कोरडी पुसून, एक रात्र सरळ आणि दुसऱ्या रात्री उलटी अशी स्वयंपाकघरातल्या टिश्यूच्या घडीवर उभी ठेवली. उलट्या टाकीखालच्या टिश्यूवर काचेच्या वरच्या काठाच्या मापाची, पुसट पण पूर्ण नसलेली अशी ओली चंद्रकोर उमटली. काच आणि वरचे झाकण यांच्यामधली रिंग काढून भिंगाखाली पाहिली, तर तिला एका जागी तिरपी चीर गेलेली होती. ती मीच पाडली होती. झाकण फिरवताना मी काच मुठीत धरत असे, कोरडी रिंग काचेला चिकटून पिळली जात असे आणि एकदा तिची कड धातूखाली चेपली गेली. कुकरची शिट्टी होत नसेल तर आपण आधी रिंग पाहतो. येथे ती बुद्धी व्हायला मला पाच आठवडे लागले. आता प्रत्येक रिंग बसवण्याआधी तिच्यावर त्याच द्रवाचा एक थेंब बोटाने फिरवतो आणि काचेऐवजी धातूचा भाग धरूनच झाकण फिरवतो. रिंगेला व्हॅसलिन लावू नये. खनिज तेलापासून बनलेल्या जेलीचे काम या टाकीत नाही.

नवी रिंग बसवल्यावर तळे साचणे थांबले, पण पाझर थांबला नाही, आणि तेथून कापसाचा अभ्यास सुरू झाला. माझी कॉईल २६ गेजच्या कँथल तारेची, अडीच मि.मी. सळईवर सहा वेढ्यांची असते. तिचा रोध सुमारे ०.७५ ओहम भरतो आणि ती मी १६ ते १८ वॅटवर चालवतो. तिच्यात कापूस किती घालायचा याचे माप वजनात सांगता येत नाही. समईची वात ज्यांनी हाताने वळली आहे त्यांना कळेल की सैल वात तेल नुसती पिते आणि पीळ जास्त झालेली वात तेल वर चढूच देत नाही. कॉईलमधून ओढताना कापसाने किंचित विरोध करावा, पण तारेचे वेढे जागचे हलू नयेत. इतपत जमणे सोपे आहे. खरी अडचण दोन्ही बाजूंच्या टोकांची असते. ती लांब ठेवून भोकांत कोंबली तर द्रव वर चढत नाही आणि चौथ्या झुरक्याला जळक्या कापसाची चव येते. त्या भीतीने मी टोके इतकी विरळ करत असे की भोकाच्या कडेला फट राहायची आणि द्रव तेथून सरळ आत उतरायचा. शेवटी जमले ते असे : टोके टाकीच्या बाहेरच्या कडेशी बरोबर कापायची, चिमट्याच्या टोकाने विंचरून खालचा एकतृतीयांश कापूस काढून टाकायचा, ती द्रवात पूर्ण भिजवायची आणि मग न दाबता भोकांवर अशी ठेवायची की भोक पूर्ण झाकले जाईल, पण कापूस खाली ढकलला जाणार नाही. कोरडा कापूस बसवून वर द्रव ओतण्याची माझी सवय चुकीची होती, कारण भिजल्यावर कापूस बसतो आणि आधी न दिसणारी फट उघडी पडते.

भरण्याची रीतही महत्त्वाची निघाली. झाकण आवळताना ते आतल्या हवेला दाबते आणि ती हवा तेवढाच द्रव कापसातून बाहेर ढकलते. म्हणून आधी हवेची कडी (बुडाची छिद्रे कमी-जास्त उघडणारी फिरती कडी) बंद करावी, काठोकाठ न भरता थोडी हवा ठेवावी, झाकण लावून टाकी उलटी धरावी आणि तशीच असताना कडी उघडावी. दहा सेकंदांचे काम आहे.

उष्णतेचा हिशेब मला हिवाळ्यात कळला. टाकी अर्धी रिकामी असेल तर तिच्यात सुमारे १ मि.ली. हवा असते, आणि खोली १५ अंशांवरून २५ अंशांवर गेली की ती हवा साधारण साडेतीन टक्क्यांनी फुगते; म्हणजे जवळजवळ एक थेंब द्रव बाहेर पडतो. मी टाकी खिडकीच्या कट्ट्यावर, रेडिएटरच्या बरोबर वर ठेवत असे, आणि सकाळी घर तापू लागले की तो थेंब इमानाने खाली येत असे. शाईचे पेन शाई संपत आल्यावर शर्टाच्या खिशात का गळते, याचे उत्तर मला असे चाळिशीत मिळाले. विमानात हाच प्रकार कितीतरी मोठा होतो. प्रवासात आतला दाब जमिनीवरच्या दाबाच्या तीनचतुर्थांशापर्यंत उतरू शकतो, हवा एकतृतीयांशाने फुगते आणि अर्धी भरलेली टाकी सुमारे एकतृतीयांश द्रव ओकून टाकते. ऑक्टोबरमध्ये स्पेनला जाताना मी टाकी पूर्ण रिकामी करून हातातल्या सामानात ठेवली आणि द्रव बाटलीतच नेला; काही सांडले नाही. डिसेंबरमध्ये पुण्याला गेलो तेव्हा अर्थात सगळे घरीच ठेवले.

द्रवाबद्दल थोडक्यात : भाजीपाला ग्लिसरीनचे प्रमाण सत्तर टक्के असलेला दाट द्रव या टाकीत शांत राहतो. निम्मा-निम्मा मिसळलेला पातळ द्रव वापरायचा असेल तर कापूस थोडा जास्त ठेवावा लागतो. हवेची कडी अगदी बारीक ठेवून जोराने ओढले तर कोणताही द्रव आत येतोच, त्याला टाकी काय करणार?

एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. बुडाच्या छिद्रांत दिसणारा प्रत्येक ओलावा गळतीचा नसतो. वाफ थंड धातूवर जमून बारीक मणी तयार होतात आणि ते वापरताना दिसतात. गळती टाकी नुसती उभी असताना होते. हे मणी मी दिवसातून एकदा टिश्यूच्या पिळाने टिपून घेतो, कारण ते जोडाच्या आट्यांत उतरले तर यंत्र रोध चुकीचा दाखवू लागते. गळलेला द्रव हातांना लागला तर साबणाने धुवावा, आणि टिश्यू लहान मुलांच्या हाती लागेल अशा ठिकाणी टाकू नये; निकोटिन विषारी आहे.

टाकीबद्दल माझे मत आता चांगले आहे, पण बिनशर्त नाही. चव तयार कॉईलपेक्षा स्पष्ट येते, तार आणि कापूस यांचा खर्च नगण्य आहे, काच अजून शाबूत आहे. सुट्या रिंगांचा एकच संच सोबत येतो आणि त्यांची मापे माहितीपत्रकात कोठेही दिलेली नाहीत, याचा राग अजून गेलेला नाही; व्हर्नियरने मोजून दुसऱ्या विक्रेत्याकडून मागवाव्या लागल्या. १ ऑक्टोबर २०२६ पासून येथे प्रत्येक १० मि.ली. द्रवावर २.२० पाउंड कर बसणार आहे, तेव्हा टिश्यूत जाणारा द्रव आणखी महाग पडेल. गेल्या सात आठवड्यांत माझ्या टिश्यूवर डाग एकदाच पडला, आणि त्या दिवशी कार्यालयाची बस गाठायची म्हणून मी कापूस कोरडाच बसवला होता.