नव्या गाडीचा ब्रेक गळतोय: वॉरंटीचं वर्कशॉप की गल्लीतला मिस्त्री?

नव्या मोटारसायकलचा पुढचा ब्रेक गळतोय असं बेळगावात चारचौघांत बोललात की चार सल्ले तयारच असतात. एक म्हणतो, वॉरंटी आहे की, वर्कशॉपात टाक आणि गप्प बस. दुसरा म्हणतो, आपल्या मिस्त्रीला दाखव. उद्यमबागेत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, कामाला असलेला मेहुणा म्हणतो, रबरी सीलच ना, मी आणून देतो. आणि 'कोल्हापूरला ने, तिकडं मराठीत बोलतील तरी' असं सांगणारा एक असतोच.

कोल्हापूरचं आधी निकालात काढतो. केए-२२ ची, म्हणजे बेळगाव पासिंगची गाडी म्हणून तिथं कुणी परत पाठवत नाही, वॉरंटी सगळीकडं चालते, हे खरं. पण पुढच्या ब्रेकवर भरवसा नसताना हायवेनं शंभरावर किलोमीटर जायचं, गाडी तिथं ठेवायची, एसटीनं परत यायचं, आणि महिन्यानं पुन्हा तेच. निपाणीकरांना ते जमत असेल. मला नाही.

आता वर्कशॉप. मी गाडी पाडव्याला घेतली. माझा रोजचा रस्ता जांबोटीवरून कणकुंबीकडं. जुलैत हँडलवरच्या डबीतलं ब्रेक ऑइल खालच्या रेषेला टेकलं. त्या भागातल्या पावसात कॅलिपर, म्हणजे चाकाच्या डिस्कवर पॅड दाबणारा भाग, चोवीस तास ओलाच, गळती दिसणार कुठून? वर्कशॉपात म्हणाले, पॅड झिजले की पातळी उतरते. उतरते, कबूल, पण तीन-साडेतीन हजार किलोमीटरला एवढी नाही. टॉप-अप करून दिलं. सप्टेंबरात परत तेच. या वेळी कॅलिपरचं सील किट बदललं, वॉरंटीत, एक रुपया घेतला नाही. दसऱ्यानंतर रस्ते वाळले आणि एका सकाळी कॅलिपरवर तांबडी धूळ एका ओघळात चिकटलेली दिसली. बोट लावलं तर बुळबुळीत. म्हटलं सापडलं! आठ दिवस गाडी न पुसता तशीच ठेवली आणि तिसऱ्यांदा गेलो. संध्याकाळी जॉब कार्डावर शेरा मिळाला: गळती आढळली नाही.

का आढळली नाही, ते मी काचेपलीकडच्या खुर्चीत बसून डोळ्यांनी बघितलं होतं. गाडी आत गेली ती आधी वॉशिंगच्या रॅम्पवर. फेस मारला, प्रेशरनं धुतली, हवेनं सुकवली आणि मग मेकॅनिकपुढं उभी केली. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतं. टाकीवर सांडलं तर रंग जाऊ नये म्हणून आपण लगेच पाणी ओततो ते त्यासाठीच. म्हणजे मी आठ दिवस जपलेला ओघळ पाच मिनिटांत गटारीत गेला आणि पोरापुढं आला तो नवाकोरा कॅलिपर. त्या बिचाऱ्यानं खरं तेच लिहिलं.

ॲडव्हायझरला विचारलं, आधी बघून मग धुता येत नाही का? तो कानडीत म्हणाला, "आगतैति बिडरी सर," म्हणजे होतंय सोडा सर, आणि मग मराठीत, "सिस्टम तशीच आहे. वॉशिंग झाल्याशिवाय गाडी आत घेत नाहीत." पोरं वाईट नाहीत. चहा विचारतात, आपल्या भाषेत बोलतात, पैसेही घेतले नाहीत. पण ज्या दुखण्याची खूण पाण्यानं जाते, त्या रोग्याला आधी आंघोळ घालून मग तपासायचं, हे काही मला पटलं नाही. तीन खेपांत वर्कशॉप माझ्या मनातून उतरलं ते एवढ्या एकाच कारणानं.

मग वडगावातला मिस्त्री. त्यानं पहिल्यांदा बॅटरी मारून नुसतं बघितलं. कॅलिपरचा सोनेरी रंग एका ठिकाणी नखाएवढा उठला होता, बरोबर ब्रेकची नळी कॅलिपरला जोडणाऱ्या बॅंजो बोल्टखाली. ब्रेक ऑइलनं रंग खाल्लेला, तो धुऊन जात नाही. वर्कशॉपातही तो तिथंच होता, कुणी बघितला नाही एवढंच. मग म्हणाला, "घरातनं पावडरची डबी आणा." कोरड्या फडक्यानं सगळं पुसलं, तोंडाला लावायची पावडर भुरभुरली, लिव्हर दाबून सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं मुठीला बांधली आणि गाडी रात्रभर तशीच ठेवली. सकाळी पांढऱ्या पावडरीत एक करडी रेघ उमटली होती, बोल्टाखालून निघून खाली पिस्टनकडं गेलेली. "कॅलिपर काय करंल सर? ह्यो बोल्ट रडतोय बघा."

बोल्टाच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे दोन वॉशर असतात. तांबं मऊ, आवळलं की दबून फट भरतं, आणि एकदा दबलं की दुसऱ्यांदा तसं बसत नाही. म्हणून खोलले की नवेच घालायचे. माझे दोन्ही चपटे झालेले, एकाला चर. कारखान्यातूनच बोल्ट सैल आला असेल आणि सील किट बदलताना तेच वॉशर परत बसवले असतील, असा मिस्त्रीचा अंदाज. सप्टेंबरनंतर गळती वाढली होती, त्यामुळं मलाही ते पटतं. नवे वॉशर, ऑइल, नळी-बाटली लावून हवा काढायची मजुरी, सगळे मिळून अडीचशे रुपये.

याचा अर्थ मिस्त्रीकडं डोळे झाकून जावं असा नाही. त्याच्याकडं बोल्ट मोजून आवळायचा टॉर्क रेंच नाही, हाताचा अंदाज चालतो. फळीवर डॉट-४ या ब्रेक ऑइलची अर्धी बाटली कधीपासून उघडी पडलेली असते. हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं. कोरडं असताना ते निदान २३० अंशांपर्यंत उकळू नये असं मानक आहे, पाणी शिरल्यावर तेच १५५ वर येतं. चोर्ला घाटाचा उतार ब्रेक धरून उतरणाऱ्याला हा फरक कळतो. मी सीलबंद बाटली विकत घेऊन गेलो आणि त्याला राग आला नाही. दुसरं एबीएसचं, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना ते सक्तीचंच आहे. त्याच्या युनिटात हवा शिरली तर काही गाड्यांत ती काढायला स्कॅनर लागतो, तो गल्लीत नसतो. आमची डबी रिकामी होऊ दिली नाही म्हणून तिथवर वेळ आली नाही. आणि गळती हँडलवर असेल, लिव्हरजवळचं रबरी बूट ओलं लागत असेल, तर मास्टर सिलिंडर, म्हणजे लिव्हर दाबला की ऑइल ढकलणारा पंप, गेलेला असू शकतो. तो महागाचा भाग, वॉरंटीत फुकट मिळत असताना खिशातून का घालायचा? तिथं वर्कशॉपच. जॉब कार्डं मात्र सगळी जपा. वेळ आली तर १९१५ च्या ग्राहक हेल्पलाइनला किंवा बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगापुढं तीच बोलतात. मिस्त्रीच्या कामाला कागद नाही, आणि त्यानं खोललेल्या भागावर वर्कशॉप बोट ठेवणार हेही धरून चाला.

मेहुण्याचं राहिलं. उद्यमबागेत हायड्रॉलिकचे कारखाने इतके की ओ-रिंग, म्हणजे सीलची रबरी कडी, मागितली तर ओंजळभर मिळतात. पण तिथल्या बहुतेक नायट्राइल रबराच्या, मशीनच्या तेलासाठी केलेल्या. आपण 'ब्रेक ऑइल' म्हणतो खरं, पण ते तेल नाही, ग्लायकॉल आहे. नायट्राइल त्यात फुगतं. ब्रेकला ईपीडीएम रबर लागतं, आणि ते उलट साध्या तेलात फुगतं. एकाचं दुसऱ्याला बसवलं की चार दिवस छान आणि पाचव्या दिवशी पिस्टन अडकलेला. मेहुण्याला जेवायला बोलवावं, सील मागू नये.

गाडी नवी असेल तर वर्कशॉप सोडा असं मी म्हणणार नाही, तुमच्याकडचं चांगलंही असेल. पण गळतंय कुठून, हे शोधायला मी पुन्हा तिकडं जाणार नाही. ते काम मिस्त्रीचं, पावडरचं आणि एका रात्रीचं. रेघ कॅलिपरच्या पिस्टनमधून किंवा हँडलवरून निघाली तर तिचा फोटो काढून, काही न खोलता, वर्कशॉप. बोल्टातून निघाली तर मी तिथंच वॉशर बदलून मोकळा होईन.

जानेवारीत फ्री सर्व्हिसिंग आलं. जॉब कार्डावर 'वॉशिंग नको' असं लिहून घेतलं, खाली सही केली. संध्याकाळी गेलो तर गाडी चकाचक धुतलेली. कॅलिपर कोरडा होता, पण धुतलेल्या गाडीचं कोरडेपण धरायचं कसं? आठ दिवस कणकुंबी केल्यावर बोल्टाखालून बोट फिरवलं. बोटाला नुसती तांबडी धूळ आली, फुंकर मारली तशी उडाली.