चावी लपवायची की पोराला समजवायचं?

दहावीतलं पोर हरिपूरहून विश्रामबागच्या क्लासला जायला स्कूटी मागतंय. सरळ 'नाही' म्हणायचं की बसवून बोलायचं?

मेहनतीत 'नाही' स्वस्त. चावी कपाटात, विषय संपला. बोलायला वेळ लागतो, आणि पोर दारात पाऊल टाकतानाच विचारलं तर 'काय नाय' एवढंच उत्तर मिळतं. भांडी लावताना, शेजारी उभं राहून विचारा.

टिकण्यात मात्र उलटं. धाकाचा नियम आई-बाबांची पाठ वळेपर्यंतच. 'रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीला तू चुकवशील, पण ती तुला चुकवू शकेल का?' असं दुसऱ्याचं नुकसान दाखवलं तर नियम पोराचा स्वतःचा होतो. मानसशास्त्रज्ञ मार्टिन हॉफमन यांचं म्हणणं हेच.

खरी मेख मित्रांत आहे. गार्डनर आणि स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांच्या २००५ च्या प्रयोगात १३ ते १६ वयाची मुलं दोस्त बघत असले की गाडीच्या खेळात जास्त धोका घेत. २४ च्या पुढच्यांवर तसा परिणाम दिसला नाही. कळत सगळं असतं, ऐन वेळी सुचत नाही.

म्हणून गाडी, कृष्णेच्या पुरात उडी: इथे नियमच, चर्चा नको. परवान्याविना अल्पवयीनाच्या हाती गाडी दिली तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तुरुंगही होऊ शकतो. कॉपी, खोटं बोलणं, वर्गातल्या कुणाला चिडवणं: इथे बोलणंच कामाचं.